जादाची पुडी

“गाणं संपेल तिथं ओळ संपली पाहिजे, छकुले. आधी नको, नंतर नको. पाय गाण्याला बांधून टाक.”

हा माईचा आवाज. माई म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर जिनं वेणी घातली, कान पिळले आणि पोटाशीही धरलं, ती. दोघी बहिणी भाजीच्या मळ्यात रोजावर जायच्या. माईच्या हातात मोठी झारी, धाकटीच्या हातात लहान. धाकटीचे पाय वाऱ्यावर. एका रोपाला पाण्याची आंघोळ, दुसऱ्याला नुसता शिडकावा. मळेवाला ओरडायच्या आत माईनं तिला गाणं शिकवलं.

पाऊल टाकीन, पाऊल मोजीन,
हिरव्या पानाला ओल मी पाजीन.
पाऊल टाकते, मागं न बघते,
फुलाच्या देठाशी शेंग मी मागते.

चार चरणांत रोपांची एक ओळ. सगळ्या रोपांना सारखं पाणी. कुणी लाडकं नाही, कुणी दोडकं नाही.

त्या गोष्टीला पन्नास वर्षं होत आली. झारी गेली, पाठीवर फवारणीचा पंप आला. मळा गेला, घेवड्याचं संशोधन केंद्र आलं. गाणं तेवढं राहिलं. केंद्रात धाकटीला सगळे धुकेबाई म्हणत. हे नाव केंद्रातल्या मापाड्यानं ठेवलेलं. कोवळ्या उन्हात ती वाफ्यांतून चालायची तेव्हा नोझलमधून सुटणारा तुषार तिच्याभोवती धुक्यासारखा उभा राहायचा, आणि लांबून फक्त डोक्याचा रुमाल दिसायचा. “आल्या बघा धुकेबाई,” तो खिडकीतून म्हणायचा. “बाई दिसत नाहीत, पण आल्यात.”

केंद्रातलं काम सांगायला सोपं, करायला अवघड. घेवड्याला मातीतून मिळायचं ते मिळतंच. पण झिंक, बोरॉन, मँगनीज असली चिमूटभर लागणारी अन्नं मातीत कमी पडली की ती पाण्यात विरघळवून पानांवर फवारायची. कुठल्या वाफ्यावर काय, किती, कितव्या दिवशी, ते सगळं मॅडमच्या कागदावर. मॅडम म्हणजे केंद्रातल्या शास्त्रज्ञ. आणि काही वाफ्यांना काहीच द्यायचं नाही, नुसतं साधं पाणी फवारायचं, म्हणजे बाकीच्यांशी तुलना करता येते. धुकेबाईला त्या साध्या पाण्याच्या वाफ्यांची उगाच माया होती. पंप येतो, अंगावर गार तुषार पडतो, पानं आशेनं वर बघतात, आणि पदरात काहीच पडत नाही. “तुमचं माझं एक खातं,” ती त्यांना म्हणायची. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत जो परागंदा झाला, त्याची ना चिठ्ठी ना चपाटी. मूलबाळ नाही. केंद्राच्या फाटकाशी एक खोली, एक खिडकी, दोन कप. दुसरा कप मापाड्याचा.

मापाडी या अन्नांच्या मोजून पुड्या बांधायचा. बारीक तराजू, बटरपेपरचे चौकोन, मोत्यासारखं अक्षर. माणूस असा चोख की चहात साखर टाकायची तरी आधी तराजूकडे बघायचा. “तुमच्या बायकोनं कसे दिवस काढले हो?” धुकेबाईनं एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, “मोजून काढले. म्हणून तर लवकर संपले.” आणि दोघं हसली होती, विधुराला आणि टाकलेल्या बाईलाच हसता येईल असल्या गोष्टीवर.

त्याची एक पद्धत होती. दर फवारणीला तो एक पुडी जादाची बांधायचा. एका पुडीचा एक पंप, एका पंपात चार वाफे. पण पाय घसरला, पंप सांडला, तर हाताशी असावी म्हणून दुसरी. तिच्यावर लिहायचा: ‘जादा’. फवारणी झाली की जादाची पुडी तशीच डब्यात परत जायची. अठरा वर्षांत एकदाही लागली नव्हती.

लागली ती सहा वर्षांपूर्वी. आणि तिथंच सगळं बिनसलं.

*

त्या सकाळी झिंकचे वाफे झाले होते, साध्या पाण्याचेही झाले होते. बोरॉनचे चार राहिले होते. बोरॉनचा स्वभाव मोठा तिखट. चिमूटभर कमी पडलं तर फूल धरत नाही, चिमूटभर जास्त झालं तर पानाच्या कडा करपतात. आणि घेवडा तर त्याच्या बाबतीत भलताच हळवा. धुकेबाई बोरॉनचा पंप पाठीला लावत होती तेव्हा पदरात बांधलेला फोन वाजला. भाचीचा आवाज. “मावशी, आई गेली गं. पहाटे. झोपेतच.”

माई.

चार वर्षं माई म्हणत होती, “ये ना गं माझ्याकडे. म्हातारपणी दोघी एका उशीवर डोकं टेकू.” आणि ही दर वेळी म्हणायची, “एवढा हंगाम होऊ दे, मग येते.” हंगामाचं काय, तो सरला की दुसरा उभाच.

कुणाला वाटेल, तिनं पंप खाली ठेवला असेल. नाही ठेवला. ऊन चढायच्या आत फवारणी उरकायची असते, एवढंच डोक्यात होतं. बाकी डोकं रिकामं, उपड्या घागरीसारखं. ती वाफ्यात उतरली, हात पंपाचा दांडा मारू लागला आणि ओठ गाऊ लागले. पण ओठांवर आलं ते झारीचं गाणं नव्हतं. आलं ते दुसरं. आई गेली त्या रात्री माईनं तिला मांडीवर घेऊन म्हटलेलं, अंगाईचं.

नीज गं पाखरा… नीज गं पाना…
दिवस निजला… वारा निजेना…

अंगाई कुणी पावलावर म्हणत नाही. ती लांबते, थांबते, श्वास घेते, बाळाचा डोळा मिटला का बघते. पाय गाण्याला बांधलेले. गाणं थांबलं की पायही थांबले. हात मात्र दांडा मारतच राहिला, तुषार पडतच राहिला. पानं ओली झाली, मग निथळली.

दुसऱ्या वाफ्याच्या टोकाला पंप कोरडा पडला. चार वाफ्यांचं औषध दोनांतच संपलं. तिला तेव्हाही काही कळलं नाही. तिनं बांधावरच्या डब्यातून जादाची पुडी काढली, पाण्यात कालवली आणि उरलेले दोन वाफे तशाच अंगाईत पुरे केले. मग तोंड धुतलं, रजेचा कागद दिला, “गावी काम आहे” म्हणाली आणि गेली. पोचली तेव्हा माईच्या अंगणात फक्त चपलांच्या खुणा उरल्या होत्या.

आठवड्यानं परत आली तर चारही वाफ्यांच्या पानांना पिवळी किनार आलेली. आणखी चार दिवसांत किनार तपकिरी झाली, कुरकुरीत झाली. जणू कुणी एकेक पान काडीनं पेटवून फुंकर घातली होती.

मॅडमनी दोघांना बोलावलं. आधी धुकेबाईला. हातात घड्याळ घेऊन, पंपात साधं पाणी भरून तिला आठ ओळी चालायला लावलं. ती मनातल्या मनात झारीचं गाणं म्हणत चालली. आठही ओळी, सेकंदाचा फरक नाही. मॅडम म्हणाल्या, “घड्याळ चुकेल, पण या नाही चुकणार.” आणि मापाड्याकडे वळल्या. “जादाची पुडी कुठंय?”

“डब्यात असेल ना, मॅडम.”

“डब्यात नाही.”

“मी बांधली होती. या हातांनी बांधली.”

“मग गेली कुठं? एक तर बांधलीच नाहीत, नाहीतर दोन्ही मापं एकाच पुडीत ओतलीत. पानं तर तेच सांगतायत. दुप्पट पडलंय.”

मापाड्यानं आपली बोटं वर धरून पाहिली, दुसऱ्या कुणाची पाहावीत तशी.

धुकेबाई दाराशी उभी होती. तेव्हाच तिला सगळं कळलं; अंगाई, कोरडा पंप, जादाची पुडी, एकामागून एक. बोलायला तोंड उघडलं असतं तर आधी म्हणावं लागलं असतं: माझी बहीण गेली. आणि मग: तिच्या मरणाचा निरोप कानात घेऊन मी फवारत राहिले. हे शब्द तिनं भाचीपुढेही काढले नव्हते. लोक मूग गिळून बसतात. तिनं अख्खं शेत गिळलं. रिकाम्या पुडीचा कागद अजून तिच्या पिशवीत होता.

बोरॉनची चाचणी बंद झाली. मापाड्याची बदली बियाण्यांच्या गोदामात झाली, बसनं अडीच तासांवर. काम काय, तर पोत्यांवर शिक्के मारायचे. जाताना तो खिडकीशी आला, म्हणाला, “धुकेबाई, माझा हात असा कसा हो चुकला?” ती म्हणाली, “चहा घ्या.” त्यानं घेतला. तो त्याच्या कपातला शेवटचा चहा.

*

सहा वर्षं. खोलीत दोन कप, एक वापरातला, एक पुसून ठेवलेला. दिवाळखोर दुकानदार रोज उठून फळी झाडतो, तशी ती तो कप रोज पुसायची. मापाड्याचा निरोप कधीमधी यायचा, बियाणं पोचवणाऱ्या ड्रायव्हरच्या तोंडून: बरा आहे, चष्मा बदलला, शिक्के मारतो. तिचा निरोप जायचा: मीही बरी आहे. दोघांनाही माहीत, दोन्ही निरोप साधं पाणी.

आणि या आठवड्यात ड्रायव्हर म्हणाला, “मापाडीकाका महिनाअखेर सुटतायत नोकरीतून. लेकीकडे निघाले, कायमचे. गुरुवारी इकडे येतील, मॅडमची सही घ्यायला.”

गुरुवारी सकाळी वारा होता, म्हणून फवारणी दुपारवर गेली. यंदा घेवड्याची फुलं गळत होती. मातीच्या तपासणीत बोरॉन कमी आलं होतं. मॅडमनी सहा वर्षांनी बोरॉन पुन्हा घ्यायचं ठरवलं होतं, चारच वाफ्यांवर, जपून. त्याच दिवशी तो यावा! धुकेबाईनं सकाळपासून पंप तीनदा धुतला. चौथ्यांदा धुवायला घेतला तेव्हा स्वतःलाच म्हणाली, “पंप स्वच्छच आहे गं. मळ दुसरीकडे आहे.”

तो तीनच्या बसनं आला. केस सगळे पांढरे, बाकी चालणं तसंच, मोजून टाकल्यासारखं. खिडकीशी थांबून म्हणाला, “धुकं आज उशिरा पडणार वाटतं.”

“वारा होता. या. चहा टाकते.”

“अजून तोच स्टोव्ह?”

“तोच. अजून तीच मी.”

“स्टोव्हला पिन मारता येते,” तो म्हणाला. “आपल्याला कुठं मारणार?”

ती हसली. मग साखरेचा डबा पुढे सरकवला, सवयीनं. पूर्वी तो चमचा डोळ्यांपुढे धरायचा, बोटानं सपाट करायचा, एक दाणा जास्त नाही. आज त्यानं डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तुम्हीच टाका,” तो म्हणाला.

“किती?”

“टाका काहीतरी. मी आता मापाच्या भानगडीत पडत नाही. गोदामातही सांगून ठेवलंय, मला तराजूपाशी बसवू नका. घरी भातसुद्धा लेकीला फोन करून विचारतो, किती घालू. ती हसते. म्हणते, बाबा, तुम्ही तर मापाडी. मी म्हणतो, होतो.”

धुकेबाईनं साखर टाकली. चमच्याचा आवाज कपात जास्तच वेळ होत राहिला.

“तिथं एकटं वाटायचं नाही,” ती म्हणाली. “लेकीकडे. माणसांत असाल.”

“हो. माणसांत.” त्यानं कप फिरवून पाहिला. “हा माझाच का? कानाशी टवका होता.”

“तोच.”

“ठेवलात?”

“कप काय खायला मागतो?”

एवढ्यात मॅडम दारात आल्या. हातात त्याचा कागद, सही झालेला. कागद देताना त्या थोड्या घुटमळल्या. “मापाडी, एक अडचण आहे. वजन करणारी मुलगी आजारी पडली. बोरॉनची पुडी बांधायची राहिलीय, आणि आज नाही फवारलं तर फुलं टिकणार नाहीत. मला स्वतःला एवढं बारीक काम डोळ्यांमुळे जमत नाही. तुम्ही आलाच आहात, तर…”

मापाड्यानं दोन्ही हात मांडीखाली घेतले. एवढा मोठा माणूस, शाळेत शाई सांडलेल्या पोरासारखा.

“नको, मॅडम. माझ्या हातानं एकदा झालंय. पुन्हा नको.”

“त्याला खूप वर्षं झाली. मी केव्हाच विसरले.”

“मी नाही विसरलो ना.”

मॅडम नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी तोच उठला. नाही म्हणायची सवय त्याला कधी नव्हतीच.

वजनाच्या खोलीत तिघं गेली. तराजू तोच, काचेच्या पेटीतला. त्यानं बटरपेपरचा चौकोन ठेवला, चमच्यानं पांढरी पूड टाकली, काटा स्थिर झाला. बरोबर. त्यानं मान हलवली, सगळी पूड परत डब्यात ओतली. पुन्हा टाकली. पुन्हा बरोबर. पुन्हा ओतली. तिसऱ्यांदा चमचा कडेला वाजू लागला, किणकिण, किणकिण, आणि थोडी पूड टेबलावर सांडली. बाहेर ऊन कलत होतं. पाच वाजता त्याची बस होती.

“बरोबर आहे की,” मॅडम हळूच म्हणाल्या. “आधीचंही बरोबर होतं.”

“मला तसं दिसतं, मॅडम. तेव्हाही तसंच दिसलं होतं.” त्यानं चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, परत लावला. मग मागे वळून न बघताच म्हणाला, “धुकेबाई, जरा इकडे या. तुम्ही काटा बघा. तुमच्या नजरेवर माझा भरवसा आहे. तुमचं कधी काही चुकलं नाही.”

ती जागची हलली नाही.

सहा वर्षं तिला वाटत होतं, बोलले तर हा माणूस माझ्याकडे पुन्हा बघणार नाही. आज कळलं, तो कायमचा चाललाय आणि त्या बघण्याचा हिशेब कधीच संपलाय. पण तो गेला तरी त्याचे हात त्याच्याबरोबर जाणार. लेकीच्या घरी, भाताच्या मापापाशी, नातवंडाच्या औषधाच्या चमच्यापाशी. आणि प्रत्येक ठिकाणी ते थरथरणार, जे त्यांनी केलंच नाही त्यासाठी. एका भिंतीशी काचेत काटा उभा होता, सरळ, मधोमध. कुठून तरी माईचा आवाज आला, जुना, झारीतल्या पाण्यासारखा: छकुले, आधी नको, नंतर नको.

नंतर तर केव्हाच होऊन गेलं होतं.

तिनं पिशवीत हात घातला. चष्म्याच्या जुन्या डबीत, अस्तराखाली, चार घड्यांचा कागद होता. तो तिनं तराजूशेजारी ठेवून उलगडला. कागद पिवळा पडला होता, घड्यांवर विरला होता, पण अक्षर मोत्यासारखं होतं: ‘बोरॉन. जादा.’

मापाडी वाकून पाहत राहिला. मॅडमही पुढे झाल्या.

“काटा बघायची गरज नाही,” धुकेबाई म्हणाली. आवाज तिचाच, पण फार दिवस न वापरलेल्या भांड्यासारखा. “तुम्ही दोन पुड्या बांधल्या होत्या. दोन्ही बरोबर होत्या. पहिली पुडी दोन वाफ्यांतच संपली, म्हणून मी ही काढली. त्या सकाळी फोन आला होता. माझी माई गेली होती हो. मला गाणं सुचलं ते तिच्या अंगाईचं, आणि मी हळू चालले. तुमचा हात नाही चुकला, मापाडी. मी हळू चालले.”